वाद्यमेळाखाली दबलेली बोली

केविन पुट्सचा ऑपेरा 'द अवर्स' 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात आला आणि त्याचं कौतुक झालं. होणारच होतं. कादंबरी गाजलेली, तिच्यावरचा सिनेमा गाजलेला, आणि गायला रेने फ्लेमिंग, जॉयस डिडोनाटो. पण केकशी झगडणारी गृहिणी असो की खचलेली व्हर्जिनिया वुल्फ, खालून व्हायोलिनांची तीच तुपकट लाट! पात्रं बदलतात, बोलण्याची ढब बदलत नाही. जेक हेगीचा 'डेड मॅन वॉकिंग' याच घराण्यातला. प्रामाणिक, पण संवादांवर सूर शिंपडलेला. फिलिप ग्लासने 'सत्याग्रह'नंतर स्वतःचीच आवर्तनं मोजली.

गाणं पात्राच्या बोलण्यातून यायला हवं, हे माँटेवर्दीला 1607 मध्येच कळलं होतं. 'ऑर्फेओ'त दूती युरिडिसच्या मृत्यूची बातमी आणते, तेव्हा वाद्यं जवळजवळ गप्प होतात आणि बाई बोलत बोलत गाते. पुढे व्हेनिसात ऑपेराला तिकीट लागलं, गायकांच्या गळ्यांचं राज्य आलं, त्याला ग्लुकने लगाम घातला. ते सगळं आपल्याला पाठ आहे.

माझा माणूस चेक संगीतकार यानाचेक. बाजारातल्या बायका, पोरं, वाटेत भेटणारं कुणीही, प्रत्येकाच्या बोलण्याचे चढउतार तो वहीत स्वरलिपीत टिपायचा. मरणाऱ्या मुलीचे, ओल्गाचे, शेवटचे शब्दही त्याने टिपले. (याला निर्दयता म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही.) त्याच्या 'येनूफा' या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात कोस्तेल्निच्का सावत्र मुलीच्या तान्ह्या पोराला नदीत टाकायचं ठरवते. अब्रू गेली तर गाव आपल्याकडे कसं बोट दाखवेल, हे ती स्वतःलाच ऐकवते. तिथे लांबलचक तान नाही. वाक्य तुटतं, तेच पुन्हा येतं, वर चढतं आणि फाटतं. घाबरलेली बाई अशीच बोलते.

हा कान आज कुठे आहे? काया सारिआहोच्या 'इनोसन्स'मध्ये (एक्स-आं-प्रोव्हान्स, 2021). शाळेत गोळीबार झाला त्याला दहा वर्षं झालीत, आणि मारेकऱ्याच्या भावाच्या लग्नात जी वेट्रेस वाढायला येते ती एका मृत मुलीची आई. ती चेकमध्ये गाते. मेलेली मुलगी फिनिश लोकगीताच्या उघड्या गळ्याने गाते, तर शिक्षिका बोलणं आणि गाणं यांच्या सीमेवर राहते. ऑपेरात नऊ भाषा आहेत, आणि प्रत्येकीचा ताल वेगळा ठेवलाय. पात्र ओळखायला वेषभूषा पाहावी लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ओळखीची गोष्ट आणि गोड सूर नसतील तर तिकिटं खपत नाहीत. मग 'येनूफा' कशी टिकली? सहज नाही, हे मान्य. 1904 मध्ये ब्रनोत आलेल्या या ऑपेराला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने 1916 पर्यंत दाराबाहेर ठेवलं, आणि आत घेतलं तेही तिथल्या ऑपेराप्रमुख कोवारझोविचने वाद्यमेळ घासूनपुसून गुळगुळीत केल्यावर. यानाचेकचा मूळ खरखरीतपणा परत आणायला पुढे चार्ल्स मॅकेरससारख्या संवाहकांना खपावं लागलं. पुट्सच्या पिढीवर असा कोवारझोविच लादावा लागत नाही. घासूनपुसून आणायचं काम ती स्वतःच, न सांगता करते.