फारसी गेली, इंग्रजीही जाईल?

निकोलस ऑस्टलर या ब्रिटिश भाषाभ्यासकांचा ‘द लास्ट लिंग्वा फ्रँका’ हा ग्रंथ २०१० साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी ही जगाची शेवटची संपर्कभाषा ठरेल, असे ते म्हणतात. ती कायम टिकेल म्हणून नव्हे, तर ती ओसरल्यावर दुसऱ्या संपर्कभाषेची गरजच उरणार नाही म्हणून. ते काम यंत्राने केलेले भाषांतर करील, असा त्यांचा होरा आहे.

मातृभाषा माणूस मायेने सांभाळतो; संपर्कभाषा गरजेपुरती धरतो. हा भेद ऑस्टलर नेमका दाखवतात. त्यासाठी त्यांनी घेतलेला फारसीचा दाखला आपल्या जवळचा आहे. शतकानुशतके दरबाराची, दफ्तराची आणि शायरीची ही भाषा हिंदुस्थानात फार थोड्यांची घरची भाषा होती. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारने तिला कचेऱ्यांतून हटवण्याची वाट मोकळी केली आणि तिचा आधारच गेला. याला आम्ही महाराष्ट्राची पुरवणी जोडू. शिवाजी महाराजांच्या काळी राजव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी अर्ज, वकील, जमीन, फिर्याद हे शब्द आजही अस्सल मराठी म्हणून नांदतात.

ग्रंथाचा शेवट मात्र आम्हाला पटत नाही. २०१६ पासून गूगलच्या भाषांतराचा दर्जा पुष्कळ सुधारला, तेवढ्यापुरता ऑस्टलर यांचा अंदाज खरा ठरला. पण भाषांतर अर्थ पोचवते, अधिकार पोचवत नाही. घटनेच्या कलम ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. निवाडा मराठीत वाचायला मिळाला, तरी प्रमाण ठरतो तो इंग्रजी मजकूरच. फारसी कोशांमुळे हटली नाही, सत्तेच्या हुकुमाने हटली. ऑस्टलर यांच्याच दाखल्यातून निघणारा हा धडा त्यांच्या भाकितात मागे पडला आहे.

उर्दू, मराठी की इंग्रजी माध्यम, हा प्रश्न आपल्या घरांत मुलांच्या प्रवेशाच्या वेळी हटकून निघतो. इंग्रजी आज ना उद्या जाणारच, म्हणून मुलांना तिच्यापासून दूर ठेवणे अन्यायाचे होईल. तोवर अडेल ते त्यांचेच. पण तिच्यापायी घरची बोली सोडणेही परवडणारे नाही. भाषांतराचे यंत्र लिहिलेल्या मजकुरावरच शिकते. दखनीत, कोकणी मुसलमानांच्या बोलीत आपण लिहिले नाही, तर ऑस्टलर यांच्या बहुभाषिक जगातही त्यांना जागा मिळणार नाही.