सुट्टी संपल्यावर मागे राहिलेला मुलगा

उन्हाळा जवळ आला की आपल्या समाजाच्या नियतकालिकांकडे एका ठरावीक घाटाचे ललित लेख येऊ लागतात. अंगण, आंबे, बावखल किंवा विहीर, रात्री गच्चीवर ओळीने घातलेली अंथरुणे, सगळ्या भावंडांनी मिळून म्हटलेली जपमाळ, मे महिन्यातले लग्न, कुणाचा तरी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार, आणि शेवटी ‘ते दिवस आता राहिले नाहीत’ असा एक उसासा. लेखक बदलतो, गाव बदलते, लेख मात्र तोच राहतो. हे लेख खोटे असतात असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी ते लिहिले त्यांनी ते आंबे खाल्ले आहेत आणि त्या बावखलात ते पोहलेही आहेत. पण असे लेख एकापाठोपाठ एक वाचताना एक गोष्ट खटकत राहते. घर माणसांनी भरलेले असते, आणि त्या गर्दीत एकही माणूस स्वतंत्रपणे दिसत नाही. लेखनातला हा दोष आम्हांला केवळ शैलीचा वाटत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

या घाटाचा उगम शोधायला फार लांब जावे लागत नाही. मामाच्या गावाला निघालेल्या आगगाडीचे ग. दि. माडगूळकरांचे गाणे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले आहे. गीत गोड आहे, लहान मुलाच्या तोंडी बसणारे आहे, त्याला नावे ठेवण्याचा आमचा विचार नाही. मात्र त्यातला मामा श्रीमंत आहे आणि मामी पाककुशल आहे, एवढीच त्या दोघांची ओळख. मुलांच्या गाण्यात तेवढी पुरते. पुढे मोठ्या माणसांनी लिहिलेल्या गद्यातही मामी स्वयंपाकघराबाहेर आली नाही, हे मात्र त्या गाण्याचे पाप नव्हे. वीस-पंचवीस माणसांचा महिनाभराचा स्वयंपाक कुणी केला, पाणी कुणी भरले, त्या मामीला स्वतःच्या माहेरी कधी जायला मिळाले, हे आमच्या वाचनात आलेल्या सुट्टीच्या लेखांत जवळजवळ कुठेच नाही. (मलकापूर हे चोवीस तास मीटरने पाणी देण्याच्या योजनेमुळे नावाजलेले गाव. पाहुणे आले की पाण्याचे पिंप कुणी भरायचे, हा वाद इथल्या सुनांना तरी आता घालावा लागत नाही. लेखांतल्या सुना अजून भरतातच.)

गदिमांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातल्या, आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचा. त्याच माणदेशावर त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी 1955 साली ‘बनगरवाडी’ लिहिली. एका घरातल्या दोन भावांपैकी एकाने सुट्टीची आगगाडी दिली आणि दुसऱ्याने पावसाने पाठ फिरवल्यावर माणसांवाचून रिकामी होत गेलेली वाडी दाखवली, ही गोष्ट मराठी समीक्षेने अजून नीट एकत्र ठेवून पाहिलेली नाही. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत कडक उन्हाळा म्हणजे माणसे गावात येण्याचे नव्हे, तर गाव सोडण्याचे दिवस असत. सुट्टीच्या घाटात हा उन्हाळा बसत नाही, म्हणून तो वगळला जातो.

आपल्यापुरते बोलायचे तर आणखी एक अडचण आहे. मराठी ख्रिस्ती माणसाला आजोळ नेहमीच गृहीत धरता आले, असे नाही. वसईकर कॅथलिकांची गोष्ट निराळी. तिथे गावेच्या गावे एका श्रद्धेची आणि सोयरीकही शेजारच्याच धर्मग्रामात, तेव्हा सुट्टीत नात्यांची रेलचेल. पण एकोणिसाव्या शतकात एकेकट्याने ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाच्या मुलांनी कोणत्या मामाकडे जायचे? 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे नातलगांच्या आधाराने, पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परत आल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 1934पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये नात्यांची माणसे पानोपानी आहेत. ती येतात, जातात, रुसतात, जेवतात, सोवळ्याओवळ्यावरून अडून बसतात. पण त्या गर्दीतले प्रत्येक माणूस वेगळे ओळखू येते, आणि कुणाच्या घरी किती दिवस राहणे मानाचे आणि कधीपासून ते ओझे होते, हे लक्ष्मीबाई हसतहसत पण अचूक सांगतात. टिळक कुटुंब आपल्या पंथाचे नव्हते. पण आजोळ ही फुकट मिळालेली वस्तू नाही, याची समज मराठी ख्रिस्ती गद्याला त्या बाईंनीच प्रथम दिली.

आमच्या मलकापुरातला अनुभव या दोन्हींहून वेगळा आहे. हे गाव कराडला लागून, आगाशिवाच्या डोंगराखाली, पुणे-बेंगळूर महामार्गावर वसलेले. इथली ख्रिस्ती घरे मोजकी, आणि बरीचशी रुग्णालय, शाळा-महाविद्यालये वा कारखाना यांतल्या नोकरीच्या निमित्ताने आलेली. मे महिन्यात आमच्याकडे कुणी येत नाही, आम्हीच जातो. ओगलेवाडीच्या कराड स्थानकावरून कोयना किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून कुणी मुंबईमार्गे वसईला, कुणी मिरजेकडे, कुणी महामार्गाने गोव्याकडे. गाव रिकामे होते. आणि काही घरांतली मुले सुट्टी संपल्यावर परत येत नाहीत. आईबाप दोघे पाळीच्या नोकरीत, किंवा बाप आखातात, म्हणून मूल आजीकडेच शाळेत घातलेले असते. कुणाचे वसतिगृहात. त्या मुलाची सुट्टी उलटी चालते. महिनाभर आईबापांचा सहवास ही त्याची सुट्टी, आणि आजोळ हे त्याचे रोजचे जगणे. या मुलाविषयीचा लेख आमच्या वाचनात आलेला नाही.

तो मुलगा मराठी साहित्यात आहे, आणि तो ज्याने लिहिला तो लेखक आमच्या शेजारीच राहत होता. प्रकाश नारायण संत (1937–2003) कराडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवीत. ‘वनवास’ हे त्यांचे लंपनच्या कथांचे पहिले पुस्तक 1994 साली आले तेव्हा त्यांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. त्यापाठोपाठ ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आली. मराठी-कानडी सरहद्दीवरच्या गावात आजी-आजोबांजवळ राहणारा लंपन हा शाळकरी मुलगा या सगळ्या कथा स्वतःच्या तोंडाने सांगतो. आईबाबा आणि भावंडे दुसऱ्या गावी. आजी मायाळू, आजोबा भले, घर भरलेले, गावात मित्र, सुमी, गाणे, झाडे, रस्ते. सुट्टीच्या लेखाला लागणारे सगळे साहित्य इथे हजर आहे. आणि पहिल्या पुस्तकाचे नाव मात्र ‘वनवास’.

या नावातच संतांनी त्या ठरावीक घाटाला उत्तर दिले आहे, असे आम्हांला वाटते. आजोळ सुखाचे असूनही वनवास असू शकते. सुख कमी पडते म्हणून नव्हे, तर परत जायची तारीख नसते म्हणून. सुट्टीला आलेल्या पोराला आजीचे घर आवडते, कारण तो तिथून जाणार असतो. लंपन जाणार नसतो. त्यामुळे तो त्या घराकडे, त्या गावाकडे पाहुण्याच्या नजरेने पाहत नाही. त्याला तिथे मुळे धरावी लागतात आणि ती धरताना आईच्या घराची ओढ आत कुठेतरी चालूच राहते. ही ओढ तो क्वचितच उघड बोलून दाखवतो. तो बोलतो भलत्याच गोष्टींविषयी, कुठल्या तरी वासाविषयी, आवाजाविषयी, एखाद्या माणसाच्या चालण्याच्या लकबीविषयी. वाचणाऱ्याला कळते की पोर आईविषयी बोलत आहे. आमच्या लेखकांनी संतांकडून काही घ्यायचे असेल तर आधी हा संयम घ्यावा.

यामागे लेखकाच्या आयुष्यातली एक गोष्ट आहे आणि ती नावांतच दडलेली आहे. कवयित्री इंदिरा संत आणि ललितलेखक ना. मा. संत यांचा हा मुलगा आईच्या माहेरी, दीक्षितांकडे दत्तक गेला. कागदोपत्री तो भालचंद्र गोपाळ दीक्षित झाला. 1946 साली ना. मा. संत वारले तेव्हा मुलगा अवघा नऊ वर्षांचा. इंदिराबाईंच्या कवितेत त्या ताटातुटीची एक बाजू आली. दुसरी बाजू यायला पुढची कित्येक दशके लागली, आणि ती आली तेव्हा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाने दीक्षित हे नाव लावले नाही. नारायण हे वडिलांचे नाव आणि संत हे आडनाव त्याने तिथे परत घेतले. महाविद्यालयात दीक्षित सर, पुस्तकावर प्रकाश नारायण संत. चरित्रावरून साहित्याचा अर्थ लावण्याच्या आम्ही एरवी विरोधात आहोत. पण ‘वनवास’ हा शब्द ज्या मुखपृष्ठावर छापला आहे, त्याच मुखपृष्ठावर ते नाव आहे, तेव्हा ते पुस्तकाच्या बाहेरचे मानता येत नाही.

ख्रिस्ती वाचकाला इथे लूकच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाही. योसेफ आणि मरिया दरवर्षी वल्हांडणाच्या सणाला येरुशलेमला जात. येशू बारा वर्षांचा असताना सण उरकून सगळे आप्तेष्ट, ओळखीपाळखीचे एकत्र परतीला लागले आणि मुलगा मागे राहिला. तो तांड्यात कुणाबरोबर तरी असेल, या समजुतीने आईबापांनी एक दिवसाची वाट चालून टाकली. प्रवचनांत या प्रसंगाचा भर पुढच्या भागावर, मंदिरातल्या संवादावर असतो आणि तो तसा असणे रास्तच आहे. पण आम्हांला त्या एका दिवसाचे फार वाटते. मुलगा हरवला तो शत्रूंच्या गावात नव्हे. नातलगांची गर्दी एवढी मायेची आणि विश्वासाची होती की त्यात मूल दिसत नाही, हेच कुणाला दिसले नाही. जगातल्या सर्वांत जागरूक आईलाही ते संध्याकाळपर्यंत कळले नाही, हे लूकने न लपवता लिहिले. एकत्र कुटुंबाच्या सुट्टीवर याहून नेमके भाष्य आम्हांला ठाऊक नाही. आमचे सुट्टीचे लेख त्या एका दिवसातच संपतात. सगळे एकत्र, सगळे आनंदात, आणि मूल कुणाबरोबर तरी असेलच. तीन दिवसांचा शोध त्यांच्या वाट्याला येत नाही.

अर्थात लूकचा मुलगा आईबापांबरोबर नासरेथला परत गेला. लंपनची गोष्ट तशी नाही, आणि संतांनी ती ओढूनताणून तशी केलेली नाही.

संतांचे सगळेच आम्ही मान्य करतो असे मात्र नव्हे. लंपनच्या तोंडचे ते ‘मॅड’ सुरुवातीला जिवंत वाटते. चौथ्या पुस्तकापर्यंत येताना ती लकब झालेली असते आणि लेखक तिच्यावर थोडा अधिक विसंबतो. काही कथांत मुलाची नजर इतकी तरल होते की तिच्यामागे उभा असलेला प्रौढ प्राध्यापक दिसू लागतो. शिवाय हे घर मध्यमवर्गीय ब्राह्मणी घर आहे आणि त्याच्या परसदारापलीकडचे जग लंपनला दिसते तेवढेच आपल्याला दिसते. पण ही मर्यादा निवेदकाच्या वयाची आहे. तिच्यावरून लेखकाला फैलावर घेणे बरोबर होणार नाही.

2024 साली निपुण धर्माधिकारी यांनी या कथांवर ‘लंपन’ ही मालिका केली. ती मनापासून केलेली आहे, आजीच्या भूमिकेत गीतांजली कुलकर्णी शोभून दिसतात. परंतु पडद्यावर ते गाव आम्हांला जरा अधिकच देखणे वाटले. कोवळे ऊन, जुनी घरे, रंगवलेल्या खिडक्या. पाहणाऱ्याला वाटते, आपणही तिथे सुट्टीला जावे. वनवास पुन्हा सुट्टीत जमा झाला. कॅमेऱ्याचा हा स्वभावच असावा. पुस्तकात ऊन आहे ते त्या मुलाच्या अंगावर पडलेले, आणि आपल्याला ते सुंदर दिसावे अशी त्याची काही इच्छा नाही.

सुट्टीचे लेख बंद करावेत असा या विवेचनाचा अर्थ कुणी काढू नये. आनंदाला लेखनात जागा हवीच. मरिया आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे डोंगराळ प्रदेशात गेली, तिथे सुमारे तीन महिने राहिली, आणि त्या भेटीचा सण आपण मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी साजरा करतो. पाहुणपणाला याहून मोठा मान कोणता द्यायचा? पण लूकच्या त्या भेटीत दोन बायका आहेत, एक वयस्क, एक कोवळी, दोघी गरोदर, आणि त्या काय बोलल्या हे तिथे लिहिलेले आहे. घरधनी जखऱ्या त्या काळात मुका होता, हा तपशीलही विसरू नये. आमच्या लेखांत नेमके उलटे घडते. जखऱ्या अखंड बोलतो आणि अलीशिबा चुलीपाशी असते.

धर्मग्रामातल्या वाचन-मंडळांनी यंदा ‘वनवास’ हाती घ्यावे. आरंभ पहिल्याच कथेपासून करावा, कारण लंपनशी ओळख झाल्याशिवाय पुढच्या पुस्तकांतली त्याची माणसे नुसती मजेशीर वाटतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी त्यापाठोपाठ संतांच्या पत्नी सुप्रिया दीक्षित यांचे ‘अमलताश’ हे आत्मकथन वाचावे. कराडमधल्या त्या घराची आणि लंपन ज्याच्यातून आला त्या माणसाची आठवण त्यांनी लिहिली आहे, आणि तीही घरातल्या बाईच्या बाजूने. असे मे महिन्याच्या घराविषयी, महिनाभर पंचवीस पाने वाढलेल्या एखाद्या मामीच्या हातचे, आमच्याकडे अजून आलेले नाही.