वारेतल्या पेशी आणि यकृताचे व्रण : एक पेपर, दोन डोस

"लिव्हर फायब्रोसिसवर प्लॅसेंटाच्या स्टेम सेल, हा पीएचडीला कसा विषय आहे?" असं बरेच जण विचारतात. विषय चांगलाच आहे. पण त्यावरचे बरेचसे पेपर एका साच्यातून काढल्यासारखे असतात. उंदराला कार्बन टेट्राक्लोराइड टोचा, मधेच पेशी सोडा, शेवटी यकृताचे काप लाल रंगवा, लाल कमी दिसलं की "उपचाराची शक्यता" असं लिहून मोकळे व्हा. त्यातलाच एक बरा पेपर आज घेऊ. वाईट पेपर झोडपणं सोपं असतं, त्यातून हाती फारसं लागत नाही.

हा पेपर ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाचा, प्लॉस वनमध्ये २०१२ साली आलेला. यात वारेच्या अम्निऑन पडद्यातल्या एपिथेलियल पेशी वापरल्यात. इथेच थांबा. "प्लॅसेंटाच्या पेशी" म्हणजे एकच चीज नव्हे. अम्निऑन बाळाचा असतो, डेसिड्युआ आईचा. वारेतून मेसेन्कायमल पेशी वाढवताना आईच्या पेशी हळूहळू प्लेट व्यापून टाकतात, हे बऱ्याचदा घडतं. म्हणून अशा पेपरात पेशी नक्की कुणाच्या हे तपासलंय का, ते मेथड्समध्ये शोधायचं. बाळ मुलगा असेल तर वाय क्रोमोसोम बघून कळतं, एवढं सोपं आहे.

आता प्रयोग. उंदरांना आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे कार्बन टेट्राक्लोराइड दिलं. यकृतातलं एक एन्झाइम त्यापासून फ्री रॅडिकल बनवतं, पेशी मरतात. मग एरवी व्हिटॅमिन ए साठवून गप्प बसलेल्या स्टेलेट पेशी जाग्या होऊन कोलॅजेन ओतायला लागतात. तोच व्रण. काही उंदरांना ८ व्या आठवड्यात २० लाख मानवी पेशी दिल्या, काहींना ८ व्या आणि १० व्या अशा दोनदा. व्रणाचं क्षेत्र कमी झालं, टीजीएफ-बीटा घटलं, मॅक्रोफेज दुरुस्ती करणाऱ्या प्रकाराकडे झुकले.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे व्रण पुरता तयार झाल्यावर पेशी दिल्या. अनेक पेपरांत त्या सुरुवातीलाच देतात. तिथे मोजला जातो तो बचाव, आणि शीर्षकात येतो उपचार! पेशंट तर व्रण झाल्यावरच येतो ना.

पण खरी मेख दोन डोसांत आहे. एका डोसचा आणि दोन डोसांचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. याचे अर्थ बरेच निघतात. पहिल्याच डोसने जे व्हायचं ते झालं असेल. दुसऱ्या डोसला दोनच आठवडे मिळाले, ते पुरले नसतील. किंवा पेशींची संख्या महत्त्वाचीच नसेल, त्यांनी सोडलेले रेणू काम करत असतील. मग जिवंत पेशी हव्यातच कशाला? हे वेगळं करायला मेलेल्या पेशींचा, दुसऱ्याच कुठल्या मानवी पेशींचा आणि नुसत्या कल्चरच्या द्रवाचा, असे तीन कंट्रोल लागतात. नुसतं सलाइन टोचलेला गट यातलं काहीच सांगत नाही. प्रपोजल लिहिताना हे तीन गट आधी लिहा, गाईड "उंदीर किती लागतील?" म्हणून कुरकुरले तरी.

दुसरी अडचण मॉडेलचीच. कार्बन टेट्राक्लोराइड थांबवलं की उंदराचा-घुशीचा व्रण आपोआप विरायला लागतो. माणसातही हे घडतं. हिपॅटायटिस बी वर टेनोफोविर घेणाऱ्या ३४८ जणांच्या बायोप्सी २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये आल्या. पाच वर्षांनी ५१ टक्क्यांचा फायब्रोसिस मागे हटला होता. सुरुवातीला सिरोसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७४ टक्क्यांना तो उरला नव्हता. आणि औषध काय, तर विषाणू दाबणारी रोजची गोळी. म्हणजे पेशींची स्पर्धा सलाइनशी नाही, या गोळीशी आहे. कारण दूर करूनही ज्यांचा व्रण हटत नाही त्यांच्यात पेशी काय करतात, हे विचारणारा पेपर मला वाचायला आवडेल.

माणसांवरच्या चाचण्यांकडे बघितलं तर उत्साह आणखी आवरावा लागतो. ब्रिटनमध्ये सिरोसिसच्या ८१ पेशंटवर झालेली चाचणी २०१८ मध्ये छापून आली. रक्तात मूलपेशी उतरवणारं इंजेक्शन, आणि एका गटाला त्यांच्याच पेशी परत. तीन महिन्यांनी यकृताचा स्कोअर नेहमीच्या उपचारापेक्षा सुधारला नाही. त्या पेशी वारेच्या नव्हत्या, हे खरं. पण उंदरातून माणसात येताना आशा कुठे गळते, ते तिथे दिसतं.

आणि हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. घरात सिरोसिसचा पेशंट असलेले लोक जाहिराती वाचून फोन करतात, "तू यातलाच ना, पैसे भरू का?" आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचे ठरावीक उपचार सोडले तर बाकी सगळं संशोधनात मोडतं, आणि ते मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचं. ट्रायलमध्ये पेशंटकडून पेशींचे पैसे घेत नाहीत. त्यामुळे असा फोन आला की मी आधी एवढंच विचारते, "पैसे मागितलेत का?"