अलिखिताची दोन रूपे : सौदी स्त्रीचे स्वयंपाकघर आणि रस्ता

सौदी अरेबियातील स्त्रियांच्या वाहन चालविण्याच्या हक्काशी निगडित कलाकृतींचे वाचन बहुधा एका सोप्या द्वंद्वाच्या आधारे केले जाते : स्वयंपाकघर म्हणजे बंधन आणि रस्ता म्हणजे मुक्ती. हैफा अल-मन्सूर यांचा ‘वज्दा’ (२०१२) हा चित्रपट आणि मनाल अल-शरीफ यांचे ‘डेअरिंग टू ड्राइव्ह’ (२०१७) हे आत्मकथन यांचा एकत्रित विचार केल्यास हे द्वंद्व अपुरे ठरते. स्त्रीने कोठे वावरावे यापेक्षा रूढीत फेरफार करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या कलाकृतींच्या मुळाशी आहे.

सौदी स्वयंपाकघरातील ‘दक्कूस’ या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. कब्सा या मसालेदार मांस-भाताबरोबर घेतले जाणारे हे तोंडीलावणे मराठी ठेच्याशी नाते सांगणारे आहे. टोमॅटो, मिरची, लसूण, मीठ व लिंबू हे त्याचे नेहमीचे घटक; परंतु कोठे टोमॅटो कच्चेच वाटतात, तर कोठे ते शिजवून घेतात. कृती बहुधा पाहून शिकायची, प्रमाण हाताच्या अंदाजाने ठरवायचे. परंपरा येथे अलिखित आहे आणि म्हणूनच लवचीक आहे. मिरची वाढविताना स्त्रीला कोणाची अनुज्ञा घ्यावी लागत नाही.

वाहनबंदीही दीर्घकाळ अशीच रूढीच्या बळावर टिकून होती. वाहतूक कायद्यात स्त्रियांना मनाई करणारे कलम नव्हते. त्यांना परवानाच दिला जात नसे. नोव्हेंबर १९९० मध्ये रियाधमध्ये ४७ स्त्रियांनी मोटारींतून फेरी काढून या रूढीला आव्हान दिले. मे २०११ मध्ये अल-शरीफ यांनी खोबर येथे मोटार चालविली आणि त्यांना अटक झाली. मक्केत टॅक्सी चालविणाऱ्या पित्याची ही कन्या. तिने कायद्यात बंदीचा शोध घ्यावा आणि ती न सापडावी, हा या आत्मकथनाचा कळीचा भाग होय. दक्कूसमध्ये अलिखित असणे ही मोकळीक ठरते. रस्त्यावर तेच अलिखित असणे तुरुंगाचे दार उघडते.

‘वज्दा’मध्ये हा पेच अधिक संयतपणे व्यक्त होतो. वज्दाची आई पतीच्या पाहुण्यांसाठी निगुतीने रांधते, परंतु तिच्या हाताची चव तिचे संसारातील स्थान सुरक्षित करू शकत नाही. पती दुसरा विवाह करतोच. नोकरीवर पोहोचण्यासाठी ती इक्बाल या परदेशी चालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे. वंशवृक्षावर केवळ पुरुषांची नावे असताना वज्दा आपल्या नावाची चिठ्ठी त्यावर लावते. रूढीत आपल्या हाताने भर घालण्याची ही कृती आहे. ती चिठ्ठी काढून टाकली जाते. अखेरीस आईच मुलीला हिरवी सायकल आणून देते, तेव्हा फेरफार करण्याचा अधिकार ती घराबाहेर नेत असते.

चित्रपटाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. इक्बालने पुन्हा कामावर यावे म्हणून वज्दाचा मित्र अब्दुल्ला त्याला देशाबाहेर घालविण्याची धमकी देतो. प्रेक्षक येथे हसतो. परंतु एका स्त्रीची अडचण स्थलांतरित श्रमिकाच्या असहायतेवर सोडविली जात आहे, याकडे चित्रपट पुरेसा थांबून पाहत नाही. अशा चालकांत भारतीयांची संख्या मोठी असल्याने भारतीय समीक्षेने तरी हा प्रसंग केवळ विनोद म्हणून वाचू नये.

सप्टेंबर २०१७ मध्ये बंदी उठविण्याचा राजादेश निघाला आणि २४ जून २०१८ पासून स्त्रिया अधिकृतपणे वाहन चालवू लागल्या. मात्र त्याआधीच्याच महिन्यात लुजैन अल-हथलूल यांच्यासह या हक्कासाठी झगडलेल्या काही स्त्रियांना अटक झाली होती. अल-हथलूल यांची सुटका फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. रूढी बदलली, परंतु तो बदल मागणाऱ्या स्त्रिया अपराधी ठरल्या. त्यामुळे परवाना मिळाल्याने या कलाकृती कालबाह्य होत नाहीत. वाटण्यातील मिरचीचे प्रमाण ठरविणाऱ्या हाताला सार्वजनिक जीवनाचे नियम ठरविण्यातही वाटा आहे काय, हा त्यांचा प्रश्न राजादेशानंतरही अनुत्तरितच राहतो.