प्रेक्षकाची मुंबई आणि रहिवाशाची मुंबई

महानगराचे वर्णन करणे आणि महानगराचा प्रत्यय देणे ह्या दोन भिन्न वाङ्मयीन क्रिया होत. मुंबईविषयीच्या मराठी साहित्याचा विचार करताना हा भेद पुष्कळदा दुर्लक्षिला गेला आहे. लेखकाने एखादी उपेक्षित वस्ती विषय म्हणून निवडली, की मराठी साहित्याच्या अनुभवकक्षा रुंदावल्या असा शेरा मारून समीक्षक मोकळा होतो. गेटवे, राजाबाई टॉवर, मलबार हिल आणि चौपाटी ही प्रवाशाची मुंबई. लालबाग, परळ, नागपाडा, धारावी ही खरी मुंबई, असे म्हणणे सोपे आहे. परंतु स्थळ पालटल्याने दृष्टी पालटतेच असे नाही. चौपाटीकडे पाहणारे कुतूहलच घेऊन कोणी धारावीत शिरला, तर तो तेथेही प्रवासीच राहतो.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. शहरातील पहिली कापडगिरणी सुरू होऊन तेव्हा अवघी सात वर्षे लोटली होती. जातिजमाती, धंदे, देवळे, रस्ते अशी नोंद करीत जाणारा हा ग्रंथ आपण वर्णन आहोत हे नावातच सांगतो, आणि ती प्रतिज्ञा प्रामाणिकपणे पाळतो. दोष उद्भवतो तो ललित साहित्य अशाच नोंदीवर समाधान मानू लागले म्हणजे.

हा भेद स्पष्ट व्हावा यासाठी दोन लावण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ साठे हे दोघेही वाळवे तालुक्यातले; पहिले रेठरे हरणाक्षचे, दुसरे वाटेगावचे. दोघांनीही मुंबईवर लावणी रचली. गाव शेजारचे, रचनाप्रकार एक, शहरही एक. तरी बापूरावांच्या लावणीत नवलाईने दिपलेला पाहुणा वैभवाची गणना करतो, तर अण्णा भाऊंच्या लावणीत त्याच वैभवाची किंमत कोण मोजतो याचा हिशेब मांडला जातो. दोघेही बाहेरून आलेले असल्यामुळे हा फरक जन्मस्थानाचा म्हणता येत नाही. एकाने शहर पाहिले. दुसऱ्याने त्यात श्रम विकले. पाहणाऱ्याला शहर हे दृश्य असते, राबणाऱ्याला तो एक व्यवहार असतो.

हाच व्यवहार भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) नाक्यावरच्या बोलण्यातून प्रकट होतो. ह्या पुस्तकावर अश्लीलतेचा गदारोळ उठला, आणि त्या गदारोळात त्याचे स्थापत्य मागे पडले. मुंबईतील चाळीच्या खोलीचे क्षेत्रफळ ध्यानी घेतले पाहिजे. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड येथे उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळींत ती १६० चौरस फुटांची होती. अशा खोलीत तरुण पोराला बसायला जागा उरत नाही. म्हणून नाका हा घराचाच उरलेला भाग होतो. तेथील भाषा ही लेखकाने वाचकाला धक्का देण्यासाठी योजलेली नसून ती त्या जागेची भाषा आहे. पाध्ये तिचा अर्थ लावून देत नाहीत. वाचकाला सरळ नाक्यावर उभे करतात.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) याच्याही पुढे जातो. बाजारातील उर्दू-हिंदी शब्द आणि धंद्यातील सांकेतिक बोली मराठी कवितेत घुसतात, आणि प्रमाण भाषेत वाढलेला वाचक स्वतःच्याच भाषेत परका ठरतो. प्रवासी वाचकाला वाटाड्या हवा असतो. ही कविता वाटाड्या होण्याचे नाकारते.

नारायण सुर्व्यांनी हीच कसोटी निराळ्या रीतीने पार पाडली. त्यांच्या एका कवितेत वेश्यावस्तीतील आई मुलाला शाळेत घालण्यासाठी येते. बापाच्या नावाची जागा कशी भरावी असा पेच पडतो, आणि ती मास्तरांनाच स्वतःचे नाव लिहायला सांगते. नोंदवहीत नोंद करणारा येथे स्वतःच नोंदीचा विषय होतो. वस्तीने पाहणाऱ्याकडे उलट पाहिले, आणि पाहणाऱ्याला तटस्थ राहता आले नाही.

यावरून वस्तीविषयी लिहिण्याचा अधिकार केवळ तिच्या रहिवाशांचा, असा निष्कर्ष कोणी काढील. पण तो टिकणारा नाही. अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) ह्या इंग्रजी संग्रहाचे स्थळ शहरातील ऐन प्रवासी भागातले आहे. ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून त्या चौकाला नाव पडले, तो १९६५ सालीच तेथून हलविण्यात आला होता. कोलटकरांना त्या चौकात कचरा वेचणाऱ्या बाया, भटके कुत्रे आणि पदपथावर न्याहारी करणारी माणसे दिसली. कवी त्यांच्यापैकी नव्हता. पण त्यांच्या जगण्याचा ताल त्याने आपल्या ओळींना नियम म्हणून स्वीकारला. ‘पलीकडची’ मुंबई नकाशावर पलीकडे असतेच असे नाही, हे या संग्रहाने सिद्ध केले.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, आणि काही ठिकाणी जुनी धुरांडी शोभेपुरती राखली गेली. धारावीच्या मार्गदर्शित सहली निघू लागल्या. उपेक्षा हेच ज्या वस्त्यांचे लक्षण मानले जाई, त्याच आता प्रेक्षणीय झाल्या. वर उल्लेखिलेली पुस्तके देशभरच्या विद्यापीठांत अनुवादरूपाने वाचली जातात, तेव्हा दारिद्र्याच्या सहलीची मार्गदर्शिका म्हणून ती वाचली जाण्याचा धोका उघड आहे. अनुवादात बोली सपाट झाली, तळटीपांनी प्रत्येक शब्द निर्धोक केला, की ‘गोलपिठा’देखील एक प्रेक्षणीय स्थळ बनतो. तो धोका ओळखण्याचे काम समीक्षेचे आहे. कोणत्या वस्तीबद्दल लिहिले, एवढ्यावर समाधान न मानता त्या लिखाणात वाचकाला कोठे उभे केले आहे, हे तिने प्रथम विचारले पाहिजे.