प्रतिसरकारातील स्त्रिया आणि ‘साहाय्य’ ही संज्ञा

सातारच्या प्रतिसरकाराविषयीच्या लेखनात स्त्रियांचा उल्लेखच येत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उल्लेख येतो; परंतु तो बहुधा प्रकरणाच्या अखेरीस येतो आणि त्याचे क्रियापद ठरून गेलेले असते : स्त्रियांनी साहाय्य केले. भाकऱ्या भाजून दिल्या, निरोप पोचविले, भूमिगतांना घरात आसरा दिला. या ‘साहाय्य’ शब्दाखाली जे कार्य जमा केले जाते ते चळवळीचे आनुषंगिक अंग होते की तिचा देहच होता, आणि या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध पुराव्याच्या जातीने आधीच कसे ठरवून टाकले आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आज पलूस तालुक्यात मोडणारे कुंडल हे या चळवळीचे एक प्रमुख केंद्र होते. ते त्या वेळी औंध संस्थानात होते, भोवतालची कित्येक गावे ब्रिटिश सातारा जिल्ह्यात. शिवार ओलांडले की अंमल बदले. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावे अभ्यासकांस परिचित आहेत. तूफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा हस्तगत केला, ही घटनाही सुविदित आहे. गाडी अडविण्याचे काम थोड्या वेळाचे. परंतु नाना पाटील १९४२ पासून १९४६ पर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत. त्यांस रोज रात्री कोणाचे तरी घर लागले आणि त्या घरात कोणास तरी जागे राहावे लागले. दहा माणसांच्या ज्वारीच्या भाकरीसाठी दळण, पाणी व सरपण लागते. अवेळी चूल पेटली तर धूर दिसतो, जात्याचा आवाज शेजारी ऐकू जातो. कोणत्या शेजारणीवर विश्वास टाकावा हा निर्णय त्या घरातील बाईच घेत असे. अशा निर्णयास राजकीय म्हणावयाचे नसेल, तर राजकीय कशास म्हणावयाचे, हे टीकाकाराने सांगितले पाहिजे.

अडचण अशी की, हे काम जितके यशस्वी तितके ते कागदावर कमी उमटते. पोलिसांच्या दप्तरात जो सापडला त्याची नोंद होते; जी सापडली नाही तिची होत नाही. लीलाताई पाटील यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अंमळनेरच्या आंदोलनात त्यांस अटक झाली, पोलिसांच्या ताब्यातून निसटून त्या भूमिगत झाल्या व सातारच्या चळवळीत सामील झाल्या. त्यांचे नाव इतिहासात ठळकपणे येते, आणि ते यावेच. परंतु ते सुलभतेने येते याचे एक कारण सरकारनेच ते आधी लिहून ठेवले होते.

स्वातंत्र्यानंतर हाच निकष आपल्या शासनाने जवळजवळ जसाच्या तसा उचलला. १९७२ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेत किमान सहा महिन्यांच्या कारावासाची अट होती. स्त्रियांसाठी ती तीन महिन्यांवर आणली गेली. भूमिगत कार्यकर्त्यास मात्र फरारी घोषित झाल्याचा, डोक्यावर इनाम लागल्याचा वा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा आधार आवश्यक ठरला. सवलत दिली ती मुदतीत. पुराव्याच्या जातीत नाही. ज्या बाईच्या घरी चार वर्षे भूमिगतांचा राबता होता, परंतु जिच्या नावे सरकारने कधी हुकूम काढला नाही, ती या व्याख्येने स्वातंत्र्यसैनिक ठरत नाही. पुरुलियाच्या भवानी महातो यांची हकिगत पी. साईनाथ यांनी ‘द लास्ट हीरोज’ (२०२२) या ग्रंथात दिली आहे. पती चळवळीत असताना त्या शेती पाहत व भूमिगतांना अन्न पुरवीत. आपण स्वातंत्र्यसैनिक होतो हे त्या स्वतःही मान्य करीत नसत. निकष इतका खोल मुरला होता.

याच ग्रंथात नाना पाटील यांच्या कन्या हौसाबाई पाटील (निधन २०२१) यांचे कथन आहे. त्यातील भवानीनगरच्या पोलीस ठाण्याचा प्रसंग आता बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. ठाण्याबाहेर बनावट भांडण उभे करावयाचे, त्यात हौसाबाईंना मारहाण व्हावयाची, पोलीस सोडवावयास धावले की सहकाऱ्यांनी आतील शस्त्रे न्यावयाची, अशी ती योजना होती. पोलिसांची खात्री पटावी म्हणून मार खरा बसला, असे त्या सांगत. हा प्रसंग सांगणारे बहुतेक लेखक धाडसापाशी थांबतात. आमच्या मते त्यातील मर्म पुढे आहे. ही युक्ती साधली याचे कारण बाईस रस्त्यावर मारणे हे दृश्य इतके नित्याचे होते की त्यामागे काही बेत असेल असा संशय पोलिसांस आला नाही. आणि ज्या सरकारच्या वतीने हे नाट्य झाले, त्याचीच न्यायदान मंडळे बायकोचा छळ करणाऱ्या व तिला टाकणाऱ्या पुरुषांस गावोगाव शिक्षा देत होती, अल्प खर्चाचे गांधी-विवाह लावीत होती. स्त्रीवरील अत्याचार हा चळवळीच्या न्यायाचा विषय होता आणि तिच्या डावपेचाचे साधनही. या दोहोंतील ताण कोणत्याही एका गौरवलेखात मावत नाही. म्हणून तो गाळला जातो.

येथे अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या, म्हणजे चिकानो चळवळीशी तुलना उपयोगी पडते. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात ‘ब्राऊन बेरे’ नावाची लढाऊ तरुण संघटना होती. तिचा मोफत दवाखाना ग्लोरिया अरेयानेस चालवीत. आपणांस बरोबरीने वागविले जात नाही म्हणून १९७० साली तेथील स्त्रिया एकत्रितपणे बाहेर पडल्या व त्यांनी निराळी संघटना स्थापिली. दुसऱ्या एका गटाने १९७१ मध्ये स्वतःचे वृत्तपत्र काढले. मेलेई ब्लॅकवेल यांना २०११ च्या आपल्या ग्रंथात हा इतिहास मांडताना मुलाखतींच्या जोडीला स्त्रियांनीच छापलेला मजकूर हाताशी होता. कुंडलच्या बाईपाशी असा कागद असणे शक्य नव्हते. गुप्तता हीच तिच्या कार्याची अट होती. म्हणून तेथील पद्धती येथे जशीच्या तशी उचलता येणार नाही.

सातारकडे स्त्रियांची स्वतंत्र संघटना उशिरा आली. तरुणपणी घर सोडून भूमिगत कार्यात उतरलेल्या इंदुताई पाटणकर (निधन २०१७) यांनी पुढे कासेगाव परिसरात परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न हाती घेतला. न्यायदान मंडळांपुढे एके काळी आलेलाच हा प्रश्न. फरक इतका की आता फिर्यादीच संघटनेच्या चालक होत्या. प्रतिसरकारचा इतिहास १९४६ साली संपविणाऱ्या लेखकांस हा धागा दिसत नाही. तो दिसावयाचा तर मुलाखती नेत्यांच्या वारसांपुरत्या ठेवून चालणार नाही. ज्या घरांत भूमिगत उतरत, त्या घरांतील सुना आता हयात असण्याचा संभव थोडा. त्यांच्या मुलींनी व नातसुनांनी काय ऐकले आहे, कोणती खोली दाखविली जाते, कोणत्या शेजारणीचे नाव आजही दबक्या आवाजात घेतले जाते, हे पलूस, कुंडल व वाळव्याकडच्या गावांतून टिपून घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका उन्हाळी सुटीत आरंभिता येईल.