हौशी क्रीडाछायाचित्रणातील ‘क्रिया’

खेळाच्या छायाचित्रांचे परीक्षण करताना हौशी मंडळींत दोन निकष सर्वमान्य झालेले आढळतात. चित्र रेखीव आहे की पुसट, हा पहिला. आणि क्षण नेमका साधला आहे की हुकला आहे, हा दुसरा. हे निकष निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु ज्या गोष्टीसाठी छायाचित्र घेतले गेले त्या गोष्टीला, म्हणजे क्रियेला, त्यांपैकी एकही स्पर्श करीत नाही. हालणाऱ्या देहाचे चित्र आणि क्रियेचे चित्र यांतील भेद स्पष्ट न झाल्यामुळे या क्षेत्रातील टीका बहुधा कौशल्याच्या प्रशंसेपाशीच थांबते.

या प्रश्नाला इतिहास आहे. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात खरे. पण ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना, हे त्यांवरून दिसून आले. साहजिकच, एप्समच्या शर्यतीवरील जेरिको यांच्या १८२१ च्या चित्रातील घोडे वस्तुस्थितीच्या दृष्टीने चुकीचे ठरले. तथापि १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादांत शिल्पकार रोदँ यांनी जेरिकोंचीच बाजू घेतली. वास्तवात काळ थांबत नाही. म्हणून थांबलेला काळ दाखविणारे छायाचित्रच असत्य होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

रोदँ यांचा हा निर्णय मात्र जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. झाक-आंरी लार्तिग या हौशी फ्रेंच तरुणाने घेतलेले आणि १९१२ सालचे म्हणून प्रसिद्ध असलेले शर्यतीच्या मोटारीचे छायाचित्र या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. त्यात मोटारीचे चाक अंडाकृती होऊन पुढे झुकले आहे, कडेचे प्रेक्षक मागे कलले आहेत आणि गाडीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे. त्या कॅमेऱ्याच्या शटरमधील फट काचेवरून क्रमाक्रमाने सरकत असे. त्यामुळे चित्राचा प्रत्येक पट्टा किंचित वेगळ्या क्षणाचा आहे. शिवाय कॅमेराही मोटारीबरोबर वळत होता. रेखीवपणाच्या निकषाने हे चित्र सदोष ठरेल. परंतु त्यातील दोष वेगाचे चिन्ह बनला आहे. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात लार्तिग यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, त्यानंतर त्यांची ख्याती सर्वत्र झाली. यावरून पुसटपणा हाच गुण असे अनुमान काढणे चूक होईल. निष्कर्ष एवढाच की, तांत्रिक गुणदोषांचे मूल्य ते कोणती क्रिया सांगतात यावरून ठरते.

क्रिया सांगणे म्हणजे काय, हे भाषेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठीत ‘पकडणे’ हे क्रियापद सकर्मक आहे. कोणी आणि कोणाला, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. शिवाय ‘पडला’, ‘पडतो आहे’ आणि ‘पडणार’ हा भेद क्रियापदाच्या रूपानेच व्यक्त होतो. स्थिर चित्राजवळ अशी रूपे नाहीत. उडालेली माती, शरीराचा तोल, नजरेची दिशा यांवरून त्याला तो भेद सुचवावा लागतो.

कबड्डीची हौशी छायाचित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. दूरचे जवळ आणणारे भिंग वापरून चढाईपटूचा ताणलेला चेहरा आणि फुगलेले स्नायू टिपले जातात. मध्यरेषा आणि पकड करणारे हात चौकटीबाहेर राहतात. वस्तुतः पकडीत सापडलेल्या चढाईपटूचा हात दम न सुटता मध्यरेषेला लागला, तर तो सुटतो आणि पकडणारेच बाद होतात. म्हणजे बोटे आणि रेषा यांतील वीतभर अंतरात सारी क्रिया सामावलेली असते. ते अंतरच वगळल्यास सकर्मक क्रिया अकर्मक होते आणि उरतो तो केवळ श्रमलेला माणूस. खो-खोतही हाच प्रकार घडतो. खांबाजवळ मारलेला सूर प्रेक्षणीय असतो. पण पळणारा गडी दिसत नसेल तर तो सूर आणि घसरून पडणे यांत फरक राहत नाही. उलट, बसलेल्या गड्याच्या पाठीवर पडणारा हात सहसा कोणी टिपत नाही, कारण त्यात नेत्रदीपक असे काही नाही. खेळाला दिशा देणारी क्रिया मात्र तीच आहे. ‘दम’ आणि ‘खो’ हे उच्चार चित्रात ऐकू येणार नाहीत, हे उघड आहे. ही माध्यमाची मर्यादा होय. परंतु उघडे मुख आणि पाठीवरील हात यांनी त्यांची सूचना देता येते.

यावर, खेळाच्या वेगात एवढा विचार करण्यास हौशी छायाचित्रकाराला अवसर कोठे असतो, असा आक्षेप येईल. आजच्या कॅमेऱ्यांनी त्याचे बळ बरेच कमी केले आहे. एका सेकंदात दहा-वीस चित्रे घेता येत असल्याने कसोटी लागते ती घरी बसून केलेल्या निवडीची. शंभर चित्रांतून सर्वांत रेखीव चेहरा निवडणारा आणि रेषेसह पकड निवडणारा, या दोघांच्या यंत्रात नव्हे तर दृष्टीत भेद आहे. टीकेने परीक्षण करावयाचे ते या दृष्टीचे.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. गावोगावच्या मातीच्या मैदानांवरील सामन्यांकडे व्यावसायिक छायाचित्रकार क्वचितच फिरकतात. हौशी माणसाने ठेवलेली चित्रे हीच बहुधा त्या सामन्यांची एकमेव नोंद असते. त्या नोंदीत चेहरे राहिले आणि खेळ गळाला, तर पुढील अभ्यासकाला माणसे ओळखता येतील. ती काय करीत होती हे मात्र सांगता येणार नाही.